शिक्का क्रमांक चारशे सतरा

उज्ज्वला गेली त्याला चौदा महिने झाले होते, तेव्हा तिचा नंबर टीव्हीवर आला.

नाव आलं नाही. नाव त्यांना माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यावंसंही वाटलं नव्हतं. "शिक्का क्रमांक चारशे सतरा," निवेदिका म्हणाली आणि पडद्यावर लाल आकडा गरगर फिरू लागला. खाली पट्टी सरकत होती : देश पोखरणारा हात कोणाचा?

मी भाजी चिरत होतो. बायको गेली तरी एकट्यापुरती भाजी मला अजून जमत नाही, दोघांचीच होते. सुरी खाली ठेवली आणि आवाज वाढवला.

चौकोनांत चार माणसं बसली होती. टायवाला अर्थतज्ज्ञ म्हणाला, सरकारकडे येणाऱ्या प्रत्येक रुपयातले सेहेचाळीस पैसे जुन्या कर्जाच्या व्याजात जातात. लष्कराचा खर्च एक तृतीयांश कापा. तोफगोळे पोकळ निघाले, मग पोकळ गोळ्यांवर पैसे घालायचे कशाला? मिशीवाला निवृत्त जनरल म्हणाला, गोळे पोकळ निघाले म्हणूनच खर्च दुप्पट करा, पोकळ गोळ्यांवर देश राखायचा कसा? दोघांच्या हातात एकच अहवाल होता. दोघांनी एकाच पानावर बोट ठेवलं होतं. अर्थतज्ज्ञानं आयुष्यात गोळा पाहिला नसावा. जनरलनं पाहिला असेल, उचलला दुसऱ्यांनी असेल.

पंचेचाळीस मिनिटं ते एकमेकांवर ओरडले. एकाच गोष्टीवर त्यांचं एकमत झालं : चारशे सतरा नंबरचा परीक्षक बेईमान होता.

मी टीव्ही बंद केला. भाजी तशीच राहिली.

*

हे प्रकरण कसं निघालं ते सांगतो. विज्ञान फार अवघड नाही. मी बारावीत एकदा नापास झालेला माणूस आहे, मला समजलं म्हणजे कोणालाही समजेल.

आभाळातून म्युऑन नावाचे कण सतत पडत असतात. अवकाशातले किरण वरच्या हवेवर आदळतात, त्यातून ते निघतात. तळहात आडवा धरलात तर दर सेकंदाला एखाददुसरा कण त्यातून आरपार जातो. छतातून जातो, पोलादातून जातो, माणसातून जातो. कळत नाही, दुखत नाही. मात्र घट्ट वस्तूतून जाताना कणाची वाट किंचित वाकते. वस्तू जितकी घट्ट, तितकी जास्त वाकते. पोकळीत वाकत नाही. वस्तूच्या वर एक पाटी आणि खाली एक पाटी ठेवायची. कण वरून कुठं शिरला आणि खाली कुठं निघाला, ते पाट्या टिपतात. असे कोट्यवधी कण मोजले की न उघडलेल्या वस्तूच्या आतलं चित्र उभं राहतं.

हे तत्त्व जुनंच आहे. दोन हजार बेचाळीस साली पाट्या स्वस्त झाल्या आणि नजर बारीक झाली, एवढंच नवं. आख्ख्या गोदामात पाट्या अंथरायच्या आणि दहा दिवस वाट बघायची. एकही खोकं न फोडता आतला प्रत्येक गोळा दिसतो. किरण फुकट, आभाळ पुरवतं. कर्जानं वाकलेल्या सरकारला फुकट म्हटलं की काहीही आवडतं.

त्याच वर्षी सरावात एका तोफेची नळी फुटली. एका जवानाची दोन बोटं गेली. तो गोळा आमच्या सावरटेकच्या दारूगोळा कारखान्यातला होता, एकतीसच्या मार्चमध्ये संपलेल्या वर्षाच्या लॉटमधला. दिल्लीत कर्ज आणि संरक्षणखर्चाचा आढावा घेणारा आयोग बसलेलाच होता. त्यानं त्या लॉटच्या गोदामांत पाट्या अंथरल्या.

शंभरात अकरा गोळे पोकळ निघाले.

शेजारी देशानंही आपल्या गोदामांत पाट्या अंथरल्या. त्यांचे शंभरात तेरा निघाले, आणि ती बातमी फुटली. त्या दिवशी आमच्या चौकात पेढे वाटले. मलाही एक मिळाला. आम्ही दोननं कमी पोकळ होतो.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मालनताई आल्या. मालन सुरडकर. उज्ज्वलाबरोबर कारखान्यात, गोळ्यांत दारू भरतात त्या भरणी विभागात, एकोणीस वर्षं काम केलेली बाई. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम होती. चप्पल न काढता दारातच उभ्या राहिल्या.

"भाऊजी, काढला फोटो."

कारखान्याच्या बायकांच्या कपडेबदलाच्या खोलीत उज्ज्वलाचा फोटो होता. चौतीस साली तिला सुरक्षेचं बक्षीस मिळालं, तेव्हा लावलेला. त्या खोलीविषयी सांगायला हवं. भरणी विभागात धातू चालत नाही. घर्षणानं ठिणगी पडली तर सगळं संपलं. म्हणून बायका तिथं बांगड्या उतरवतात, जोडवी उतरवतात, मंगळसूत्र काढून लाकडी खुंटीला अडकवतात. प्रत्येकीच्या खुंटीला नंबर. उज्ज्वलाचा चारशे सतरा. तोच नंबर तिच्या रबरी शिक्क्यावर. तपासलेल्या प्रत्येक गोळ्यावर परीक्षकानं पक्क्या शाईनं आपला शिक्का उठवायचा. पोकळ निघाला तर कोणाला धरायचं ते कळावं म्हणून. शिक्का दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, हा पहिला नियम.

"कोणी काढला?" मी विचारलं.

"नव्या साहेबानं. म्हणे बाहेरची माणसं येणारेत, बरं दिसत नाही. पोरी बघत राहिल्या. एकीच्याबी तोंडातून शब्द नाही. मीच म्हटलं, आणा इकडं, मी पोचवते." फ्रेम त्यांनी माझ्या हातात दिली नाही, टेबलावर ठेवली. "चहा नको."

"मी विचारलाच नव्हता."

"विचारला असता." त्यांनी पदरानं मान पुसली. "भाऊजी, ती बाई बोटाच्या पेरानं गोळा वाजवून बघायची. बाजारात माठ घेतानाही तसंच. तीन-तीन दुकानं पालथी घालायची, माठवाला वैतागायचा. एक पोकळ गोळा तिनं सोडला नाही. आणि आता टीव्हीवर?"

मी फ्रेमवरचा कागद सरळ केला.

"त्या साली फेब्रुवारीत ती दवाखान्यात होती. मीच डबा नेत होते. डोळे हळदीसारखे पिवळे झालेले. मग फेब्रुवारी-मार्चात तिचा शिक्का कोण मारत होतं, ते मला माहितीये. तुम्हाला पण माहितीये." त्या पायऱ्या उतरल्या. फाटकापाशी वळून म्हणाल्या, "मी कोणाला सांगणार नाही. तेवढं ओझं तुमच्याकडंच राहू द्या."

*

आता सांगून टाकतो.

सावरटेकला पैसे दिल्लीहून यायचे. एप्रिलमध्ये मंजूर व्हायचे आणि हातात फेब्रुवारीत पडायचे. मध्ये दहा महिने फाइल फिरायची, कारण व्याजाचे हप्ते आधी भागवायचे असत. आणि एकतीस मार्चला न खर्चलेला पैसा परत जायचा. म्हणून दहा महिने आम्ही थोडे थोडे गोळे भरायचो आणि शेवटच्या सहा आठवड्यांत वर्षाचं राहिलेलं सगळं. देशाच्या संरक्षणाची ही पद्धत. टीव्हीवर या पद्धतीविषयी कोणी बोललं नाही.

टीएनटी, म्हणजे गोळ्यातली दारू, ऐंशी अंशांना वितळतं. वितळलेलं गोळ्यात ओततात. थिजताना ते आकसतं. कडेचं आधी थिजतं, मधलं मागून. त्याला वरून भर घालत राहायची आणि सहा तास सावकाश निवू द्यायचं. घाई केली तर मधोमध पोकळी राहते. असा गोळा तोफेतून सुटताना जो झटका बसतो, त्यानं आतली दारू त्या पोकळीत कोसळते, तापते, आणि क्वचित नळीतच फुटते. हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. एकतीसच्या फेब्रुवारीत फोरमन अवसरमलनं निवण्याच्या खोलीत चार मोठे कूलर लावले आणि सहा तासांचे अडीच केले.

उज्ज्वला तेव्हा जिल्ह्याच्या दवाखान्यात होती. टीएनटीनं यकृतावर परिणाम झाला होता. तिची रजा संपली होती. काम नाही तर पगार नाही, शिवाय भरणीची कामगार म्हणून मिळणारी औषधांची सवलतही जाणार होती. मीही परीक्षकच, माझा शिक्का तीनशे ब्याण्णव. अवसरमल म्हणाला, "खंडारे, तिचा शिक्का तुमच्याकडंच आहे ना? मारा तिच्या नावावर. माझी नजर नाही त्या बाजूला."

मी मारला. एवढंच असतं तरी मी आज मान वर करून सांगितलं असतं. बायको आजारी होती, तिचा पगार चालू ठेवला.

पण त्या वर्षी माझी बढती व्हायची होती. चार्जमन. माझ्या शिक्क्याखाली दोष निघता कामा नये. मी प्रत्येक गोळा वाजवून बघितला, उज्ज्वलाकडूनच शिकलो होतो. भरीव वाजला की तीनशे ब्याण्णव. शंका आली की चारशे सतरा. गोळा बाद करून परत वितळवायला वेळ नव्हता, एकतीस मार्च डोक्यावर होता. आणि तिची बढती कधी होणारच नव्हती. असं मी स्वतःला सांगितलं. सहा आठवड्यांत एकोणीसशे गोळे तिच्या नावावर टाकले.

मी चार्जमन झालो.

मे महिन्यात ती घरी आली. कामावर जायला लागली त्या दिवशी म्हणाली, "माझा शिक्का द्या." मी दिला. तिनं तो ओढणीच्या टोकानं पुसला.

"किती टाकले माझ्या नावावर?"

"एकोणीसशे."

"वाजवून बघितले?"

"हो."

ते खोटं नव्हतं. खोटं असतं तर बरं झालं असतं. तिनं पुढं काही विचारलं नाही. पुढची नऊ वर्षं तिनं तो शिक्का कमरेच्या पिशवीत ठेवला आणि आंघोळीला जातानाही माझ्या हाती लागू दिला नाही. मी स्वतःला सांगायचो, ही तिची सवय. एवढा मूर्ख मी नाही. समजायचं ते मी समजलो होतो.

*

मृण्मयी शनिवारी दिल्लीहून आली. माझी मुलगी, वय सव्वीस. आयोगात आकडेवारीचं काम करते. तो अहवाल तिच्या गटानं लिहिला. सावरटेकची सुनावणी सोमवारी होती, ती त्यासाठीच आली होती. वडिलांसाठी आली असं तिनंही म्हटलं नाही, मीही नाही.

तिनं टेबलावरची गुंडाळलेली फ्रेम बघितली. कागद सोडला नाही, वरूनच हात फिरवला.

"बाबा, जेवलात?"

"चारशे सतरा कोणाचा नंबर आहे, तुला माहीत होतं."

"हो."

"आणि छापलास."

"तक्त्यात येतो तो. आईचा नंबर म्हणून वगळू का?" ती खुर्चीत बसली. "चार हजार एकशे चाळीस गोळे, त्यातले आठशे वीस पोकळ. शंभरात वीस. बाकी कोणत्याच शिक्क्याखाली एवढे नाहीत. तुमच्यात शंभरात दोन."

"माझे बघितलेस तू."

"सगळ्यांचे बघितले. दुसरंही काही बघितलं." तिनं लॅपटॉप उघडून माझ्याकडं वळवला. पडद्यावर दोन शिक्के होते, खूप मोठे केलेले. गोळ्याच्या नोंदीसाठी पाट्यांबरोबरचा कॅमेरा प्रत्येक शिक्क्याचा फोटो काढतो. "गोळ्याचं अंग गोल. शिक्का लोळवून उठवावा लागतो ना? उजव्या हातानं लोळवला तर जोर शेवटच्या आकड्यावर येतो. सात दाट उठतो. डाव्या हातानं लोळवला तर चार दाट उठतो. आई डावखुरी होती, बाबा."

मी पडद्याकडं बघत राहिलो. एकावर चार दाट होता. एकावर सात.

"केव्हा कळलं तुला?"

"एप्रिलमध्ये."

"आता ऑगस्ट आहे."

"मला माहितीये कोणता महिना आहे!" तिचा आवाज चढला. मग तिनं तो उतरवला, आयोगातल्या माणसासारखा. "ऐका. आई नाही आता. तिला कोणी काही करू शकत नाही. तुम्ही आहात. तुम्ही बोललात की चौकशी, पेन्शन बंद, कदाचित खटला. शिवाय, एका परीक्षकाची चूक म्हटलं की कपातीचा ठराव मंजूर होतो. मार्चची घाई म्हटलं की जनरल लोक उठून म्हणणार, बघा, पैसे वेळेवर द्या, जास्त द्या. ठराव पडणार. बाबा, सेहेचाळीस पैसे व्याजात जातात. शाळांना काय उरतं बघितलंय तुम्ही? मी तीन वर्षं या एका ठरावासाठी काम करतेय. ठराव चांगला आहे. खरंच चांगला आहे."

"असेल."

"मग?"

"त्यासाठी तुझ्या आईला पोकळ म्हणावं लागतं, म्हणजे ठरावात काहीतरी कमी आहे."

"तुम्ही बोलू नका हे!" ती उठली. "तुम्ही तरी नका बोलू. मी लपवलं चार महिने. तुम्ही किती वर्षं?"

बारा. तिला गणित येतं.

मी विचारलं, "त्या जवानाचं नाव काय?"

"नायक बळीराम तोडकर. उजव्या हाताची दोन बोटं."

"त्या गोळ्यावर शिक्का कोणता होता?"

"जळाला. वाचता येत नाही."

म्हणजे मला ते कधीच कळणार नाही. हे सोयीचं आहे. मला ते क्षणभर सोयीचं वाटलं, तेही इथं लिहून ठेवतो.

*

जनसुनावणी वसाहतीच्या कम्युनिटी हॉलमध्ये होती. एरवी तिथं साखरपुडे आणि नेत्रतपासणी शिबिरं होतात. व्यासपीठावर आयोगाचे अध्यक्ष श्री. विद्वांस, त्यांच्या डावीकडं तो टायवाला, उजवीकडं तो मिशीवाला. टीव्हीवर एकमेकांचा गळा धरणारे ते दोघं तिथं एकाच ताटलीतले काजू खात होते. कोपऱ्यात मृण्मयी, पुढ्यात लॅपटॉप.

दारात कारकून फॉर्म देत होता. दोन चौकोन : कपातीच्या बाजूने, कपातीच्या विरोधात.

"काका, टिक करा."

"मला दोन्हीतलं काही बोलायचं नाही."

"एकावर करावीच लागते. नाहीतर टोकन निघत नाही."

"कशावर करू?"

त्यानं मान पुढं केली. "बाजूनेवाले जेवणाआधी. विरोधवाले जेवणानंतर."

मी कपातीच्या बाजूचा झालो.

माझ्याआधी सात जण बोलले. एकानं कर्जाची तुलना उधारीवर चालणाऱ्या लग्नघराशी केली, टाळ्या मिळाल्या. एकानं सीमेवरच्या बर्फाची गोष्ट सांगितली. तो बर्फात कधी गेला नव्हता, आमच्याच कॅन्टीनचा ठेकेदार होता. तिसऱ्यानं म्हटलं, चारशे सतरासारख्यांना भर चौकात उभं केलं पाहिजे. मालनताई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी त्या माणसाकडं असं बघितलं की त्यानं वाक्य मध्येच सोडलं.

माझं नाव पुकारलं. तीन मिनिटं.

"मी प्रल्हाद खंडारे," मी म्हणालो. "निवृत्त चार्जमन, आधी परीक्षक. चारशे सतरा माझ्या बायकोचा नंबर होता. उज्ज्वला खंडारे. ती गेली. एकतीसच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिच्या नंबराच्या एकोणीसशे गोळ्यांवर शिक्का मी मारला. ती दवाखान्यात होती. चांगले गोळे मी माझ्या नंबरावर घेतले आणि शंकेचे तिच्या नंबरावर टाकले. मला बढती हवी होती. ती मिळाली."



विद्वांस यांनी चष्मा काढला. "आपण कपातीच्या बाजूने नोंदणी केली आहे. आपला मुद्दा?"

"साहेब, तुम्ही पैसे फेब्रुवारीत देता आणि मार्चमध्ये हिशोब मागता. टीएनटी निवायला सहा तास लागतात. त्याला मार्च कळत नाही. तिसरा हिस्सा कापा नाहीतर दुप्पट करा, फेब्रुवारीत द्याल तर पोकळच निघणार. हा माझा मुद्दा. आणि चारशे सतरा काढून तिथं तीनशे ब्याण्णव लिहा, हे माझं मागणं."

"हे आयोगाच्या कार्यकक्षेत येत नाही," विद्वांस म्हणाले. वाईट माणूस वाटला नाही. भूक लागलेला वाटला. "पुढचं टोकन..."

"सर." मृण्मयी उभी राहिली. "येतं. माझ्या कामात येतं."

तिनं पडद्यावर दोन शिक्के लावले. बाण आधी चारवर नेला, मग सातवर. चार दाट, सात दाट. तिनं समजावून सांगितलं. लोक उठून उभे राहून बघायला लागले. मग तिनं तक्ता लावला. मी तो आधी बघितला नव्हता.

सात दाट : एकोणीसशे गोळे. पोकळ, आठशे वीस.

चार दाट : दोन हजार दोनशे चाळीस गोळे. पोकळ, शून्य.

"एकही नाही?" कोणीतरी विचारलं.

"एकही नाही," मृण्मयी म्हणाली. "हा तक्ता माझ्याकडं एप्रिलपासून होता. मी तो अहवालात दिला नाही. ती माझी आई." ती खाली बसली आणि लॅपटॉपवर काहीच नसताना टाइप करत राहिली.

मालनताईंनी पदर तोंडाला लावला.

मला वाटलं, आता हे लोक गप्प बसतील. एवढं तरी. जनरलनं घसा साफ केला. "म्हणजे हे चार दाटवाले सगळे गोळे शंभर टक्के फुटतील?"

"हो," मी म्हणालो.

"उत्तम! बघा, अशी माणसं तयार करायची तर पैसा लागतो. कपात..."

"उलट!" टायवाला म्हणाला. "दोष पैशाचा नव्हता हेच सिद्ध झालं. तेवढ्याच पैशात शून्य दोष! कपात झालीच..."

मग दोघंही एकदम बोलायला लागले. विद्वांस यांनी जेवणाची सुट्टी जाहीर केली.

मी तिथंच उभा होतो. माझ्या बायकोचे दोन हजार दोनशे चाळीस गोळे, सगळेच्या सगळे माणसं मारण्याच्या लायकीचे, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. त्यासाठी तिचं यकृत गेलं. मी काय विचार करावा ते मला अजून कळलेलं नाही.

*

ऑक्टोबरमध्ये अहवालाला पुरवणी निघाली. एक ओळ होती : "शिक्का ४१७ (चार दाट) – दोष शून्य. शिक्का ४१७ (सात दाट) – दोष ४३ टक्के."

मी आयोगाला फोन लावला. सात दाटचा नंबर तीनशे ब्याण्णव करा म्हणालो. पलीकडचा म्हणाला, "सर, लॉट बंद झालेला आहे. बंद लॉटमध्ये नंबर बदलता येत नाही." माझा गुन्हा तिच्याच नंबराखाली राहिला, कंसात. सरकारनं तोही मला दिला नाही. पेन्शन तेवढी तपास होईपर्यंत थांबवली, ते काम मात्र चार दिवसांत झालं. मृण्मयीला आयोगातून काढलं. ती आता एका शाळेत गणित शिकवते आणि रविवारी फोन करते. बोलतो आम्ही, स्वयंपाकाविषयी. कपातीचा ठराव निम्मा मंजूर झाला. दोन्ही बाजूंनी विजय साजरा केला. पुढच्या वर्षीचे पैसे फेब्रुवारीत आले.

नायक तोडकर यांना मी पत्र लिहिलं. उत्तर आलेलं नाही. का यावं?

परवा मालनताई आल्या. या वेळी चप्पल काढली.

"भाऊजी, फोटो द्या. नवा साहेब गेला. पोरींनी सांगितलं, परत लावा."

मी फ्रेम घेऊन त्यांच्याबरोबर गेलो. मंगळवारी तो विभाग बंद असतो, म्हणून मला त्या खोलीत जाऊ दिलं. खुंट्यांची रांग होती. चारशे सतरावर दुसऱ्या कोणाचं मंगळसूत्र लटकत असेल असं मला वाटलं होतं. खुंटी रिकामी होती. मालनताई म्हणाल्या, तो नंबर पोरी घेत नाहीत.

जुना खिळा उपटताना गिलावा निघाला होता. मी हातोडीसाठी हात पुढं केला.

"तुम्ही नका लावू हात," त्या म्हणाल्या. "स्टूल धरा."

मी स्टूल धरलं. त्या चढल्या, गुडघे कुरकुरले. त्यांनी बोटाच्या पेरानं भिंत वाजवून बघितली.

"इथं पोकळ आहे."

दोन बोटं सरकून पुन्हा वाजवलं. कान भिंतीजवळ नेला.

"इथंबी."

मग आणखी थोडं वर. टक, टक. मलाही तो आवाज ऐकू आला. भरीव होता.

"इथं," त्या म्हणाल्या आणि खिळा ठोकला. मी स्टूल सोडलं नाही.